शिक्षा की नुसती माहिती? अमेरिकेतल्या एका निकालाची चिकित्सा

शिक्षा कशासाठी द्यायची, या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं आपल्या परिचयाची आहेत. एक, केलेल्या कृत्याचं माप पदरात घालण्यासाठी. दुसरं, पुढचं नुकसान टाळण्यासाठी. आज असं प्रकरण घेऊ, जिथे राज्यसंस्था म्हणते, आम्ही शिक्षा देतच नाही, फक्त माहिती देतो.

विषय नकोसा वाटणारा आहे. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगवास भोगून बाहेर आलेल्या माणसांविषयी आपण बोलणार आहोत. त्यांच्याबद्दल तुम्हाला कळवळा यावा, अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. युक्तिवाद तपासू, एवढंच.

पार्श्वभूमी अशी. जुलै 1994 मध्ये न्यू जर्सीत सात वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. गुन्हेगार समोरच्याच घरात राहत होता आणि आधीही अशाच गुन्ह्यांत दोषी ठरलेला होता. आईवडिलांना याची काही कल्पना नव्हती. त्या मुलीचं नाव मेगन. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा काही महिन्यांतच त्या राज्यात झाला, आणि 1996 मध्ये केंद्रीय पातळीवर. अशा सुटलेल्या माणसांची माहिती समाजाला द्यायची, हे त्याचं सूत्र. पुढे इंटरनेट आलं. नाव, फोटो, पत्ता, सगळं एका क्लिकवर. मग राज्यांनी आणि शहरांनी आणखी नियम केले. शाळा, बागा, पाळणाघरं यांच्यापासून कुठे 1000, कुठे 2000, कुठे 2500 फुटांच्या आत राहायचं नाही.

आता निकालाकडे येऊ. अलास्कातल्या दोघांनी तक्रार केली की, आम्ही दोषी ठरलो तेव्हा हा नोंदणीचा कायदा नव्हता, मग तो आम्हाला कसा लागू? घडून गेलेल्या गुन्ह्याची शिक्षा मागाहून वाढवता येत नाही. आपल्या राज्यघटनेतही कलम 20(1) हेच सांगतं. 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती तक्रार फेटाळली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती केनेडी यांचा. सारांश असा: ही शिक्षा नाहीच. माहिती खरी आहे, मुळातच सार्वजनिक आहे. तिच्यामुळे बदनामी झाली, तरी तो कायद्याचा हेतू नव्हे.

पहिली शंका इथेच येते. एखादी गोष्ट शिक्षा आहे की नाही, हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरवायचं की भोगणाऱ्याच्या वाट्याला काय येतं त्यावरून? दप्तरखान्यातली नोंद आणि चौकात लावलेला फलक यांतला मजकूर तोच असतो, पण कृती एक नसते. बघा, गावकी एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते तेव्हा तीही म्हणते की, आम्ही कुठे मारलं, आम्ही फक्त व्यवहार थांबवला. महाराष्ट्राने हा बचाव मानला नाही. 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदाच केला. दोन्ही गोष्टी एक आहेत असं मी म्हणत नाही. वाळीत पडलेल्या बहुतेकांचा काही गुन्हाच नसतो. पण ‘आम्ही हात लावला नाही’ हा बचाव दोन्हीकडे सारखाच आहे.

राहण्याच्या नियमांत तर माहितीचा पडदाही उरत नाही. मायामी परिसरात 2500 फुटांचा नियम झाला. शाळांभोवती एवढी वर्तुळं काढल्यावर शहरात राहण्याजोगं फारसं काही शिल्लक राहिलं नाही. परिणामी ज्युलिया टटल नावाच्या सागरी रस्त्याच्या पुलाखाली सुटलेल्या माणसांची वस्ती उभी राहिली. ती 2010 मध्ये हलवण्यात आली. आपल्याकडे तडीपारी असते. तिला मुदत असते, दोन वर्षांहून अधिक नाही, आणि आधी त्या माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. पुलाखालच्या या तडीपारीला मुदत किती? पुढे 2016 मध्ये मिशिगनच्या कायद्याबाबत एका केंद्रीय अपील न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की, ही शिक्षाच आहे.

आता तुम्ही विचाराल, “सर, शिक्षा तर शिक्षा! मुलं वाचत असतील तर बिघडलं कुठे?” प्रश्न रास्त आहे. पण मग मुलं वाचतात का, हे पाहायला हवं. मिनेसोटाच्या तुरुंग विभागाने, सुटल्यावर पुन्हा लैंगिक गुन्ह्यासाठी तुरुंगात आलेल्या 224 जणांची प्रकरणं तपासली. अंतराच्या नियमामुळे टळला असता, असा त्यांतला एकही गुन्हा त्यांना सापडला नाही. कारण साधं आहे. अमेरिकेतल्या 2000 सालच्या सरकारी अहवालानुसार, पोलिसांपर्यंत पोचलेल्या प्रकरणांत अत्याचार झालेल्या अल्पवयीनांपैकी 93 टक्के मुलांना गुन्हेगार ओळखीचा होता. घरातला किंवा घरी येणारा-जाणारा. आपल्याकडेही बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत 90 टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. नकाशावरचा लाल ठिपका आपल्याला रस्त्यापलीकडे बघायला लावतो; धोका बहुतेकदा उंबऱ्याच्या आत असतो. त्याहून वाईट म्हणजे, गुन्हेगार काका किंवा सावत्र बाप असेल, तर त्याचा पत्ता जाहीर होणं म्हणजे त्या मुलीचाही पत्ता जाहीर होणं. अशा वेळी घर गप्प बसण्याचा धोका वाढतो, आणि मुलीचं गप्प राहणं हीच गुन्हेगाराची सोय.

आकड्यांची मर्यादाही सांगतो. असे कितीतरी गुन्हे नोंदलेच जात नाहीत. म्हणून ‘सुटलेला माणूस निरुपद्रवी असतो’ असा निष्कर्ष काढायचा नाही. काही माणसं खरोखर धोकादायक असतात, आणि त्यांच्यावर नजर हवीच. प्रश्न नजर कोणाची, हा आहे. प्रशिक्षित अधिकाऱ्याची, की घाबरलेल्या गल्लीची?

पॅटी वेटरलिंग यांचा उल्लेख इथे करायला हवा. 1989 मध्ये त्यांच्या मुलाचं अपहरण झालं. नोंदणीचा 1994 चा केंद्रीय कायदा त्यांच्याच प्रयत्नांतून, त्याच मुलाच्या नावाने झाला. त्याच बाईंनी पुढे या कायद्यांच्या सरसकट विस्तारावर जाहीरपणे प्रश्न विचारले. ज्यांनी सगळ्यात जास्त गमावलं, त्या जर थांबून विचार करू शकतात, तर आपल्याला काय अडचण आहे?

भारतात सप्टेंबर 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते. ती सर्वांना खुली करा, असं कुणी म्हणालं की दोन प्रश्न विचारा. नाव कायमचं राहणार, की माणूस बघून, मुदत घालून, त्याला बाजू मांडायला देऊन ठरणार? आणि ज्या मुलीचा गुन्हेगार तिच्याच घरात जेवायला बसतो, तिला या यादीचा काय उपयोग?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल, तर ती यादी मुलांच्या रक्षणासाठी नाही. आपल्या समाधानासाठी आहे. समाधान हवंसं वाटणं माणसाचं आहे, पण त्याला सुरक्षितता म्हणू नये. इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.