राज्यवर्षांचा हिशेब आणि आपल्या सनावळ्या

इतिहासाच्या पुस्तकांत कालक्रमाचे कोष्टक असते. डावीकडे साल, उजवीकडे घटना. विद्यार्थी ते पाठ करतात आणि आपण त्यावर रिकाम्या जागा भरायला देतो. या कोष्टकांविषयी आमची एक तक्रार आहे. त्यांतील साले चुकीची असतात, असे आम्हांला म्हणायचे नाही. तक्रार अशी, की ती सारी एकाच वजनाची दिसतात. ज्या सालामागे शक, महिना आणि तिथी यांची स्पष्ट नोंद आहे ते साल, आणि तीन-चार अनुमाने एकमेकांवर रचून काढलेले साल, ही दोन्ही एकाच टायपात एकाच रकान्यात बसतात. विज्ञानाच्या तासाला आपण मोजमापाबरोबर त्यातील संभाव्य त्रुटीही लिहायला सांगतो. इतिहासाच्या तासाला ही शिस्त सुटते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शिक्षकांना हा फरक दाखवायला फार लांब जावे लागत नाही. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे. 'कण्हाचा शिष्य बलुक याने केले' एवढाच तिचा अर्थ. राजाचे नाव नाही, वर्ष नाही. मग या लेण्यांचा काळ इसवी सनापूर्वीचा म्हणून सांगतात तो कशावरून? अक्षरांच्या वळणावरून आणि लाकडी बांधणीची नक्कल करणाऱ्या घडणीवरून. हे अनुमान वाजवी आहे, पण त्यात पन्नास वर्षांचा मागेपुढेपणा सहज संभवतो. नाशिकच्या लेण्यात कण्ह नावाचा सातवाहन राजा आढळतो. तोच हा कण्ह, असे म्हणून साल पक्के करण्याचा मोह होईल. परंतु नुसते नाव जुळणे म्हणजे काळ जुळणे नव्हे.

खालापूरहून बोरघाट चढून मावळात गेले, की कार्ल्याची लेणी लागतात. तेथे राजाही आहे आणि वर्षही. वासिष्ठीपुत्र पुळुमावी राजाच्या सातव्या वर्षी, उन्हाळ्याच्या पाचव्या पक्षात, पहिल्या दिवशी महारठी सोमदेवाने भिक्षुसंघाला गाव दान दिले, असे एक लेख सांगतो. त्याच राजाच्या चोविसाव्या वर्षाचाही लेख तेथे आहे. पहिला लेख आधीचा, दुसरा सतरा वर्षांनंतरचा, हे निर्विवाद. त्या काळच्या माणसाला एवढे पुरेसे होते, कारण राजा कधी गादीवर बसला हे त्याला ठाऊक होते. आपल्याला नेमके तेच ठाऊक नाही. राज्यवर्ष म्हणजे मोजपट्टीचा तुटलेला तुकडा. त्यावरील खुणा अचूक असतात, पण शून्य कोठे होते ते कळत नाही.

ते शून्य शोधण्याची रीत पाहण्यासारखी आहे. पुळुमावीच्या आधी त्याचा पिता गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचे ज्ञात शेवटचे वर्ष २४. आपल्या अठराव्या वर्षी त्याने नाशिकच्या भिक्षूंना दिलेले शेत पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे होते. म्हणजे तोवर नहपानाचा पराभव झालेला होता. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांतून हेच दिसते. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला आहे. नहपानाचे शेवटचे ज्ञात वर्ष ४६, ते जुन्नरच्या लेखात आहे. आता सारा प्रश्न एका खुंटीला येऊन अडकतो. हे ४६ कशाचे?

ते शक संवताचे मानले, तर इ. स. १२४ येते, आणि पुळुमावीचे सातवे वर्ष इ. स. १३७ च्या आसपास पडते. ते नहपानाचे स्वतःचे राज्यवर्ष मानले आणि त्याचा अंत इ. स. ७८ च्या सुमारास झाला असे धरले, तर कार्ल्याचा तोच दगड इ. स. ९१ च्या आसपास जातो. दोन्ही बाजूंना अभ्यासक आहेत. खुंटी हलली, की तिच्यावर टांगलेले सगळेच शेहेचाळीस वर्षांनी सरकते. पुराणांतील राजवंशांच्या याद्यांनीही सुटका होत नाही, कारण सातवाहन राजांची संख्या आणि त्यांची एकूण वर्षे निरनिराळ्या पुराणांत जुळत नाहीत.

खगोलशास्त्र मदत करील का? करते, पण आकाशातली घटना नोंदलेली असेल तर. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने बाबिलोनच्या राजांच्या वर्षांनी नोंदलेली ग्रहणे आपल्या ग्रंथात दिली आहेत. त्यांपैकी एक चंद्रग्रहण मार्दोकेम्पाद राजाच्या पहिल्या वर्षातले. गणिताने ते इ. स. पू. ७२१ च्या १९ मार्चचे ठरते, आणि त्याबरोबर त्या राजाचे शून्यही ठरते. आमच्या सोमदेवाने ग्रहण नोंदवले नाही, वारही नाही. 'उन्हाळ्याचा पाचवा पक्ष' दर वर्षीच येतो. योगायोग असा, की याच टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठणच्या राजाचे नाव पुळुमावीशी जुळेल असे दिले आहे. पण त्याने ऐकलेली बातमी किती जुनी होती, हे त्या ग्रंथावरून कळत नाही.

आता घाट उतरून पुन्हा खालापुरात येऊ. चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. तेथे शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तो दिवस शके १५८२, शार्वरी संवत्सर, माघ शुद्ध १४. त्याच दिवशी मोगल कारकून औरंगजेबाचे तिसरे जुलूस वर्ष लिहिणार. चौलचा पोर्तुगीज १२ फेब्रुवारी १६६१ लिहिणार. जुने पंचांग पाळणारा इंग्रज २ फेब्रुवारी लिहिणार, आणि त्याचे वर्ष २५ मार्चला बदलत असल्याने साल १६६० च टाकणार. इंग्लंडच्या कायद्याच्या कागदावर दुसऱ्या चार्ल्सचे तेरावे वर्ष लागले असेल. प्रत्यक्षात तो गादीवर येऊन वर्षही झाले नव्हते, पण त्याची वर्षे पित्याच्या वधापासून, १६४९ पासून मोजली जात. येथे इतक्या गणना असूनही गोंधळ होत नाही, कारण प्रत्येकीचे शून्य आपल्याला माहीत आहे.

तरीही घाई नडतेच. महाराजांचा राज्याभिषेक शक शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध १३ ला, ६ जून १६७४ रोजी, सुरू झाला. राजशकात १५९५ मिळवा, असा सोपा नियम सांगितला जातो. पण राजशक ज्येष्ठात बदलतो आणि शालिवाहन शक चैत्रात. समजा, एका पत्रावर 'राजशक २, नल संवत्सर' आहे. नियमाने शके १५९७ येईल, पण त्या वर्षाचे नाव राक्षस. नल म्हणजे १५९८. तेव्हा पत्र चैत्र ते ज्येष्ठ शुद्ध १२ यांच्या दरम्यानचे, म्हणजे १६७६ च्या उन्हाळ्याचे. संवत्सराच्या नावाने चूक पकडून दिली. पुढच्या छत्रपतींनी ही गणना पुन्हा एकपासून सुरू केली नाही, म्हणून तिचे शून्य हरवले नाही. राज्यवर्षाचा संवत होतो तो असा.

कोणी म्हणेल, एवढी गुंतागुंत मुलांना कशाला? आमच्या मते 'हे कशावरून?' हा प्रश्न मुलांना जड जात नाही. तो न विचारण्याची सवय आपणच लावतो. शाळेतील दहा घटना मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीच्या वर्षांनी लिहायला सांगाव्यात, मग यादीतून मधल्या एका मुख्याध्यापकांचा कार्यकाळ पुसावा आणि साले काढायला सांगावी. कोणत्या घटना हलल्या आणि कोणत्या जागच्या जागी राहिल्या, हे मुले अर्ध्या तासात दाखवतील.

आणि कोष्टकात तिसरा रकाना असावा: 'कशावरून'. उंबरखिंडीपुढे 'शक व तिथी' येईल, कार्ल्यापुढे 'राज्यवर्ष, आरंभ वादग्रस्त', कोंडाण्यापुढे 'अक्षरवळण व घडण'. पुस्तकात तो छापला जाईपर्यंत फळ्यावर आखायला कोणाची परवानगी लागत नाही.