एक साधी खुर्ची

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन 2012 साली आलं; शब्दांकन वैशाली रोडे यांचं. यंदा मी ते दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्या वाचनात ठाण्याच्या घरातले आईवडील मनात राहिले होते. मूल वेगळं निघालं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं नाही. या खेपेला मात्र मी पुस्तकात नोकरी शोधत होते.

कारण घडलं ते आमच्याच घरी. मकरपुऱ्यात आमचा छोटा कारखाना आहे. हिशेबाच्या जागेसाठी एक अर्ज आला. बी.कॉम., टॅली उत्तम. मुलाखतीत त्या व्यक्तीने शांतपणे सांगितलं, “मी बाई नाही आणि पुरुषही नाही.” रात्री ह्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “काम चांगलं असेल हो, पण पार्ट्या काय म्हणतील?” जागा दुसऱ्याला गेली.

हे पुस्तक कुणाची दया मागत नाही, हे त्याचं बळ. नाचाचे क्लास, टीव्ही, परदेशातल्या परिषदा, सगळं त्यात आहे. पण सकाळचा डबा, ऑफिसातलं टेबल, महिन्याचा पगार फारसा भेटत नाही. धीट, बोलकं माणूस भेटतं. आमच्याकडे आलेलं अबोल माणूस भेटत नाही. आधी मला हा पुस्तकाचा दोष वाटला. मग कळलं, उणीव आपली आहे. आपण अशा माणसांना टाळ्या देतो, खुर्ची देत नाही.

2019 चा कायदा झाला तेव्हा त्याच्या व्याख्येत हिजडा, किन्नर यांच्याबरोबर ‘जेंडरक्विअर’ हा शब्दही आला, आणि नोकरीत भेदभाव नको असंही लिहिलं गेलं. पण नुसत्या नेमणुकीने भागत नाही. 2017 मध्ये कोची मेट्रोने ट्रान्सजेंडर व्यक्तींना कामावर घेतलं, तर राहायला खोली मिळेना म्हणून काहींनी नोकरीच सोडली. बायांनो, खोली भाड्याने देणारे आपणच ना?

आपल्याला हे नवं वाटायचं कारणच नाही. शास्त्रात वेद तीन सांगितलेत: स्त्री, पुरुष, नपुंसक. तिसऱ्यासाठीच्या उपमा मायेच्या नाहीत, हे खरं. पण द्रव्यवेद एक नि भाववेद दुसरा असू शकतो, हे दिगंबर आचार्यांनी मानलं. शिवाय तिन्ही वेद नोकषायांत मोडतात, पुरुषवेदसुद्धा! तिन्ही सोडायचेच, तर कुणी कुणाला कमी लेखायचं?

तो अर्ज अजून फायलीत आहे. परवा ह्यांना म्हटलं, “मार्चअखेरीला हिशेबाला आणखी एक माणूस लागेलच. फोन करून बघा.”

“आणि पार्ट्या?”

“पार्ट्यांना हिशेब चोख लागतो.”