कबर नसलेली जुलेखा : आसिया जेबार यांच्या कादंबरीतील स्मृतीचा प्रश्न

अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाने (१९५४–१९६२) अनेक वीरांगना घडविल्या. मात्र युद्ध संपताच त्यांतील बऱ्याच जणी विस्मृतीत गेल्या. आसिया जेबार (१९३६–२०१५) यांची २००२ मधील फ्रेंच कादंबरी अशाच एका स्त्रीविषयी आहे. तिच्या शीर्षकाचा अर्थ 'कबर नसलेली स्त्री' असा होतो. शर्शाल या समुद्रकाठच्या गावातील जुलेखा उदाई ही प्रत्यक्षात होऊन गेलेली स्त्री. तिने गावातील स्त्रियांचे गुप्त जाळे उभारले, पुढे ती डोंगरातील मुजाहिदांना जाऊन मिळाली आणि १९५७ मध्ये फ्रेंच सैन्याच्या हाती सापडली. कादंबरीत तिचे शव मुलींना मिळतच नाही.

येथे स्मृती हरवली आहे ती नायिकेची नव्हे, तिच्या गावाची. हाच या कादंबरीचा गाभा होय. चित्रपटाच्या निमित्ताने गावी परतलेल्या निवेदिकेला हानिया आणि मीना या मुली व शेजारपाजारच्या वृद्धा आपापल्या वाट्याची हकीकत सांगतात. कोणाचीच हकीकत पूर्ण नाही. लेखिका त्या तुकड्यांना ओढूनताणून सलग करीत नाही, त्यामुळे जुलेखाचा पुतळा होत नाही. फ्रेंच शाळेत शिकलेली, तरुणपणी बुरख्याविना वावरणारी ही स्त्री पुढे बुरख्याच्याच आडोशाने लढ्याचे काम करते. 'परंपरा' आणि 'आधुनिकता' ही ठरावीक मापे तिला पुरत नाहीत, हे यातून सहज स्पष्ट होते.

मात्र मृत जुलेखाच्या तोंडी घातलेली चार स्वगते वादाचा विषय ठरतात. गावच्या स्त्रिया अडखळत, आठवत बोलतात. जुलेखा मात्र घडीव, काव्यमय फ्रेंचमध्ये बोलते. ज्या सत्तेने तिला मारले तिच्याच भाषेत तिला वाचा मिळते. या विसंगतीकडे दुर्लक्ष करता येत नाही. तथापि ही स्वगते मीनाला, म्हणजे लेकीला उद्देशून आहेत. राष्ट्राला उद्देशून नाहीत. त्यामुळे शहादतीचा गौरव करण्यापेक्षा मायलेकींचे तुटलेले बोलणे पुन्हा जोडणे हाच त्यांचा हेतू राहतो.

शर्शालच्या संग्रहालयातील प्राचीन मोझेइकमधले पक्षीरूप स्त्रियांचे चित्र कादंबरीत येते. त्या गातात, ऐकणाऱ्यांचे कान मात्र बंद. जुलेखाला कबर नाही, हे दुःख मोठेच; पण तिला ऐकणारे कान नसणे हे त्याहून मोठे, असे ही कादंबरी बजावते.