जुन्या पेनाचा रास्त भाव

जुन्या फाउंटन पेनांच्या जाहिराती सतत वाचत राहिलं की हाही गद्याचा एक प्रकार आहे, हे लक्षात येतं. त्याची शब्दकळा ठरलेली असते : ‘दुर्मीळ’, ‘व्हिंटेज’, ‘जवळजवळ नवं’, ‘आजोबांच्या संग्रहातून’. शेवटी एक आकडा. मधली सगळी विशेषणं त्या आकड्याला टेकू द्यायला उभी केलेली असतात. पेन लिहितं का, शाई धरून ठेवतं का आणि त्याचे सगळे भाग मूळचे आहेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र बहुतेक वेळा सापडत नाहीत. ती नसतील तर तो आकडा म्हणजे किंमत नव्हे. ती विकणाऱ्याची इच्छा झाली.

पार्कर ५१चं उदाहरण घेऊ. स्वातंत्र्यानंतरच्या आयात-निर्बंधांच्या काळात परदेशाहून कुणी आणलेलं पार्कर ही आपल्याकडे मिरवायची वस्तू होती. मुलाच्या खिशाला ते लागण्याआधी बरीच वर्षं ते वडिलांच्या कपाटात असे. त्या दुर्मीळपणाची आठवण आजच्या भावातही उतरते. पण आपल्या घरात दुर्मीळ असलेली वस्तू जगात दुर्मीळ असतेच असं नाही. ५१ हे १९४१मध्ये बाजारात आलं आणि तीसेक वर्षं बनत राहिलं. त्याचे कोटीच्या वर नग विकले गेले. काळं किंवा मरून, स्टीलच्या टोपणाचं ५१ उत्तम पेन आहे, पण दुर्मीळ नाही. ‘प्लम’ रंगाचं, किंवा सुरुवातीच्या वर्षांतलं, दोन्ही टोकांना खडा असलेलं ५१ तुलनेनं कमी दिसतं. ‘दुर्मीळ’ हा शब्द अशा पेनांसाठी राखून ठेवावा.

बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन ५१ पेनांच्या पोटात फार वेगळ्या गोष्टी असू शकतात. आधीच्या पेनांत ‘व्हॅक्युमॅटिक’ यंत्रणा असे. मागची दांडी दाबून सोडली की आतला रबरी पडदा हलतो, हवा बाहेर जाते आणि शाई आत येते. रबराला वय असतं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या पेनातला पडदा बहुधा कडक झालेला किंवा फाटलेला असतो आणि तो बदलल्याखेरीज पेन शाई ओढत नाही. १९४८मध्ये आलेल्या ‘एरोमेट्रिक’ प्रकारात धातूच्या नळीतली पिशवी दाबून शाई भरतात. ही पिशवी रबराची नाही. ती ज्या प्लास्टिकची आहे त्याला पार्करनं ‘प्लाय-ग्लास’ असं नाव दिलं होतं. अशी कितीतरी पेनं नुसती पाण्यानं धुतली तरी आजही चालू होतात. म्हणजे संग्राहकाला जे पेन अधिक मोलाचं वाटेल, तेच लिहिणाऱ्याला आधी खर्चात टाकेल. एकाच वस्तूचे हे दोन भाव आहेत आणि दोन्ही खरे आहेत. आपण कोणत्या भावाबद्दल बोलतोय, हे न सांगणं तेवढं खोटं.

चकाकीचंही तसंच. १९४०च्या दशकातल्या अमेरिकी पार्करच्या बॅरलवर कंपनीचं नाव आणि वर्षाचा आकडा बारीक कोरलेला असे. आकड्याजवळच्या ठिपक्यांवरून तिमाही कळत असे. पॉलिश करकरून आरशासारख्या केलेल्या पेनावरून ही अक्षरं पुसली जातात. फोटोत असं पेन देखणं दिसतं, पण त्याचा जन्मदाखला गेलेला असतो. बारीक चरे असलेलं, पण अक्षरं शाबूत असलेलं पेन त्याहून चांगलं. निबच्या टोकावरचा कठीण धातूचा ठिपका तर फोटोत दिसतही नाही. ५१ची निब झाकलेली असल्यामुळे तो भिंगाखाली धरूनच पाहावा लागतो. तो झिजला असेल तर बाकीचं पेन कितीही नवं असो, दुरुस्ती महागात जाते. टोपण एकाचं, बॅरल दुसऱ्याचं, अशी जुळवलेली पेनंही फिरत असतात. लिहायला त्यांत काही वाईट नाही, पण ती जुळवलेली आहेत हे सांगून विकायला हवीत.

मग हिशेब कसा करायचा? विकणाऱ्यानं मागितलेला भाव बाजूला ठेवावा आणि तसंच, दुरुस्त केलेलं पेन प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते पाहावं. समजा, तो आकडा ९,००० रुपये आहे. आपल्यासमोरच्या पेनाच्या दुरुस्तीला २,००० लागतील आणि न दिसलेल्या दोषाचा धोका म्हणून आपण १,५०० धरले, तर रास्त भाव ५,५००च्या आसपास येतो. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, पण वजाबाकीची रीत खरी आहे. उलट, कुणी दोन संध्याकाळ बसून पडदा बदलला असेल, निब जुळवली असेल आणि पुढे काही बिघडलं तर पाहण्याची हमी दिली असेल, तर त्यानं पूर्ण ९,००० मागितले म्हणून त्याला लुटारू म्हणू नये. त्या पैशात पेनासोबत आपण त्याचं ज्ञानही विकत घेतो.

‘बाजार देईल ती किंमत रास्त’ हे वाक्य मला इथेच अपुरं वाटतं. दोन्ही बाजूंना सारखंच माहीत असेल तर ते खरं. फुगवलेल्या जाहिरातीवर आपण संग्राहक मनसोक्त हसतो. पण आपला एक लाडका कथाप्रकार आहे, त्याच्याकडे मात्र आपण कधी टीकेच्या नजरेनं पाहत नाही. तो म्हणजे ‘घबाड’ सापडल्याची गोष्ट. जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात, शंभर रुपयांत सोन्याच्या निबचं पेन. विकणाऱ्याला कल्पनाच नव्हती! ऐकणारे वाहवा करतात. या गोष्टीतली माणसं उलटी करून पाहा. अजाण गिऱ्हाईकाला विक्रेत्यानं शंभराचं पेन पाच हजारांना विकलं, तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. अज्ञान तेच, फक्त फायदा दुसऱ्याचा.

भंगारवाल्याला त्याचा धंदा कळतो, त्याची काळजी मी करू नये, असं म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. त्यानं ते पेन किलोच्या भावात घेतलेलं असतं. पण वडील गेल्यावर टेबलाचा खण रिकामा करणारी मुलगी आपल्याला पेन दाखवून ‘याचं काय येईल?’ असं विचारते, तेव्हा ती गिऱ्हाईक शोधत नसते. तिला जाणकाराचं मत हवं असतं. तिथे आपण एकाच वेळी परीक्षकही झालो आणि खरेदीदारही, तर निकाल कुठल्या बाजूला लागणार हे उघड आहे. अशा वेळी आधी खरा भाव सांगावा, तो कसा आला तेही सांगावं आणि मगच, हवं असेल तर, आपली बोली लावावी. तिनं विकायचं नाही असं ठरवलं तर तो सौदा हुकला असं मानू नये.

वडिलांच्या हाताची आठवण भावात धरायची का, हा प्रश्न नेहमी येतो. माझ्या मते धरू नये, दोन्ही बाजूंनी. विकणाऱ्यानं तिचे पैसे मागू नयेत, कारण ती आठवण घेणाऱ्याकडे जातच नाही. आणि घेणाऱ्यानं ‘आठवणीला किंमत नसते’ असं म्हणून पेनाचा भाव पाडू नये. आठवण घरातच राहते. बाजारात येतं ते पेन, आणि त्याच्याबद्दल जे जे ठाऊक आहे ते सौद्याच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असावं. असा झालेला सौदा मग पाचशे रुपये इकडे-तिकडे झाला तरी बिघडत नाही.