लागतेच, आणि असले तर बरे

शाळेच्या प्रयोगवहीत प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी ‘साहित्य’ असे शीर्षक असते. साध्या लंबकाच्या प्रयोगाला दोरा, वजन, मोजपट्टी आणि घड्याळ लागते. आता एखाद्या पुस्तकाने या यादीत इलेक्ट्रॉनिक कालमापक ‘आवश्यक’ म्हणून छापला तर काय होईल? ज्या शाळेत तो नाही, तेथे प्रयोग फळ्यावरच उरकला जाईल. वीस आंदोलनांचा वेळ मनगटी घड्याळावर मोजून त्याला विसाने भागले तरी काम होते, हे कोणाच्या ध्यानात येणार नाही. दोष उपकरणाचा नाही. दोष यादीचा आहे.

लिनक्स प्रणालीतही अशा याद्या असतात. तेथे आज्ञावली ‘पॅकेज’ या रूपात मिळते आणि प्रत्येक पॅकेजसोबत ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे हवीत याची नोंद असते. या नात्याला अवलंबित्व म्हणतात. एक पॅकेज मागितले की त्याची यादी, त्या यादीतील प्रत्येकाची यादी, असे करत संगणक सारा गोतावळा उतरवून घेतो. या याद्या पुष्कळदा निष्काळजीपणे केल्या जातात आणि त्याची किंमत वापरणाऱ्याला मोजावी लागते, असे आमचे मत आहे.

डेबियन या वितरणाने या नात्याच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली ‘डिपेंड्स’: हे नसेल तर आज्ञावली चालणारच नाही. दुसरी ‘रेकमेंड्स’: बहुतेकांना हे सोबत लागेल. तिसरी ‘सजेस्ट्स’: असले तर उपयोग होईल. ही विभागणी उत्तम आहे. परंतु २००९ साली आलेल्या डेबियन ५ पासून ‘ॲप्ट’ ही आज्ञावली दुसऱ्या पायरीवरची पॅकेजेही आपणहून बसवू लागली. नवख्या माणसाची सोय झाली हे खरे. पण शिफारस आणि सक्ती यांतला फरक व्यवहारात पुसट झाला. नको असलेली शिफारस टाळण्याची सोय आहे, मात्र ती ठाऊक असणाऱ्यालाच.

चकतीवर जागा थोडी जास्त गेली तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०२४ साली मिळाले.

‘ओपनएसएसएच’ ही दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्याची आज्ञावली. जगातील असंख्य सर्व्हरांचे दारच म्हणा ना. मूळ ओपनएसएसएचला फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ प्रकल्पाशी काही देणेघेणे नाही. परंतु डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांनी तिच्यात एक छोटी भर घातली. संगणक सुरू होताना ‘मी तयार आहे’ असा निरोप तिने ‘सिस्टमडी’ या व्यवस्थापक आज्ञावलीला द्यावा, एवढाच हेतू. त्यासाठी ‘लिबसिस्टमडी’ ही पूर्ण लायब्ररी जोडली गेली. या लायब्ररीला दाबून ठेवलेल्या नोंदवह्या वाचता याव्यात म्हणून एक्सझेडची ‘लिबएलझेडएमए’ लागत असे. अशा रीतीने एका निरोपापायी दाराच्या कुलपात एक अनोळखी भाग येऊन बसला. लायब्ररी एकदा आज्ञावलीच्या स्मृतीत आली की तिला त्या आज्ञावलीचे सारे अधिकार मिळतात, आणि येथे ते अधिकार सर्वोच्च होते.

‘जिआ टॅन’ हे नाव घेतलेल्या कोणी तरी दोनहून अधिक वर्षे एक्सझेडमध्ये काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडवला. विशिष्ट गुप्त किल्ली जवळ असणाऱ्याला त्यातून परक्या संगणकावर हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. ते किरकोळ म्हणून सोडून न देता त्यांनी कारण शोधले आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केले. तोवर या आवृत्त्या प्रामुख्याने वितरणांच्या चाचणीच्या शाखांपर्यंतच पोचल्या होत्या. म्हणून मोठा अनर्थ टळला.

आर्च या वितरणात मात्र ओपनएसएसएचला ही जोडणी केलेलीच नव्हती. एक्सझेडची नवी आवृत्ती तेथेही आली होती, पण दारापर्यंत जाण्याची ही वाटच नव्हती. याला शुद्ध नियंत्रित प्रयोग म्हणता येणार नाही, कारण हा सापळा डेबियन आणि रेडहॅट पद्धतीच्या पॅकेजांसाठीच रचलेला होता. तरीही जी साखळी जोडलेलीच नाही, तिच्यातून धोका येत नाही, एवढे तर स्पष्ट आहे.

मग उपाय काय? ते पुष्कळ आहेत, आणि वापरातही आहेत. पहिला, आज्ञावली बांधतानाच कळ ठेवणे. जेंटू वितरणात ‘यूझ फ्लॅग’ नावाच्या कळांनी वापरणारा स्वतःच ठरवतो की अमुक सोय हवी की नको. दुसरा, पॅकेजचे तुकडे करणे. डेबियनमध्ये ‘गिट’ वेगळे आणि त्याला सबव्हर्जनशी जोडणारे ‘गिट-एसव्हीएन’ वेगळे. ज्याला ती जोडणी नको त्याला तिचा भार नाही. तिसरा, गरज पडेल तेव्हाच लायब्ररी उघडणे. सिस्टमडीने एक्सझेडबाबत हाच मार्ग घेतला. तो बदल चोरदरवाजा उघडकीस येण्यापूर्वीच मान्य झाला होता आणि जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीत सर्वांपर्यंत पोचला. चौथा उपाय सर्वांत साधा: गरज लहान असेल तर ती स्वतः भागवणे. निरोप म्हणजे ‘रेडी=१’ एवढाच मजकूर एका ठरलेल्या जागी धाडणे. जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत ओपनएसएसएचने ते काम स्वतःच्या मोजक्या ओळींत केले. लायब्ररी गेली, सोय राहिली.

विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक गोष्ट ऐच्छिक केली तर तपासणी अवघड होते. दहा स्वतंत्र कळा असतील तर त्यांच्या १०२४ जुळण्या होतात, आणि साऱ्या कोणीच तपासत नाही. गरजेपुरती उघडली जाणारी लायब्ररी नेहमीच्या यादीत दिसत नाही. तिची नोंद फाइलमध्ये ठेवण्याची वेगळी रीत सिस्टमडीला घालावी लागली. आणि ऐच्छिक भाग नसताना आज्ञावली मुकाट्याने अर्धवट चालली, तर वापरणाऱ्याचा गोंधळच वाढतो. सांकेतिक लेखनासारखी नाजूक कामे तर प्रत्येकाने घरी करू नयेत. तेथे जाणत्यांची लायब्ररी घेणेच शहाणपणाचे.

म्हणून अवलंबित्व वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप सोयीला गरज म्हणून नोंदवण्यावर आहे. पॅकेज बांधणाऱ्याने प्रत्येक नावापुढे एक प्रश्न विचारावा: हे काढले तर मूळ काम थांबते का? थांबत असेल तर ते पहिल्या पायरीवर ठेवावे. एखादीच सोय जात असेल तर ते खालच्या पायरीवर न्यावे, आणि ती सोय का चालत नाही हे आज्ञावलीने स्पष्ट शब्दांत सांगावे.

शाळेत डेबियन किंवा उबुंटूचा संगणक असेल, तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेता येईल. नेहमीच्या एखाद्या पॅकेजची अवलंबित्वाची यादी ॲप्टकडून मागवावी आणि ती दोन-तीन पायऱ्यांपर्यंत कागदावर झाडासारखी काढावी. मग प्रत्येक फांदीपुढे ‘लागतेच’ किंवा ‘असले तर बरे’ असे लिहावे आणि कारण द्यावे. मुलांमध्ये वाद होतील. काही फांद्यांचे कारण कोणालाच सांगता येणार नाही. वर्गात चर्चा करायची ती त्याच फांद्यांची.