तक्रार नव्हे, गाऱ्हाणं

इंग्रजी-रशियन वाक्यांचे तक्ते मला ओळखीचे वाटतात. अ‍ॅपच्या भाषांतराची फाइल अशीच असते: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे रशियन आणि मध्ये न दिसणारं बरोबरचं चिन्ह. स्टेशन, हॉटेल, बाजार या पानांवर ते चिन्ह चालून जातं. तक्रारीच्या पानावर ते खोटं ठरतं.

तिथलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आय वुड लाइक टू मेक अ कम्प्लेंट’. समोर ‘या खोतेल बी पझालोवात्सा’. व्याकरणात चूक नाही. पण इंग्रजीत प्रत्यक्ष तक्रार करायची वेळ आली, की आधी ‘आय अ‍ॅम अफ्रेड’ येतं, मग ‘देअर सीम्स टू बी अ प्रॉब्लेम’. सूप थंड आहे. ते कुणी थंड होऊ दिलं, याचा वाक्यात पत्ताच नाही. रशियन क्रियापद मात्र दोन जागा मोकळ्या ठेवतं: कुणाकडे आणि कुणावर. म्हणजे तुमच्या आणि वेटरच्या डोक्यावर तिसरा कुणीतरी लागतो. ‘या बूदू झालोवात्सा’, म्हणजे ‘मी तक्रार करणार’, एवढंच म्हटलं तरी त्यातला ‘वर’ ऐकू येतो.

शिवाय एका ‘कम्प्लेंट’साठी रशियनमध्ये निदान तीन शब्द आहेत. सदोष मालाबद्दल ‘रेक्लामात्सिया’. विक्रेत्याकडेच लेखी मागणी करायची तर ‘प्रितेन्झिया’ (हा इंग्रजी ‘प्रिटेन्शन’सारखा दिसतो म्हणून फसू नका). वर दाद मागायची तर ‘झालोबा’. तक्ते बहुतेक शेवटचाच छापतात आणि मोकळे होतात.

‘झालोबा’ आला ‘झाल’ या मुळातून, आणि ‘झालोस्त’ म्हणजे कणव. जुन्या रशियनमधला पगार, ‘झालोवान्ये’, हाही त्याच घरातला. वरून कृपेने मिळालेला. (एचआरच्या ईमेलांना हा शब्द शोभेल.) ‘कम्प्लेन’च्या मुळाशी लॅटिन ‘प्लांगेरे’ आहे: ऊर बडवणं. रशियात अर्जाला पूर्वी ‘चेलोबितनाया’ म्हणत: कपाळ जमिनीला टेकवणं, खरं तर आपटणं. ऊर माणूस स्वतःशी बडवतो. कपाळ आपटायला समोर कुणीतरी लागतं. आणि त्या कुणाला ते नको असेल, तर? १७६७ साली कॅथरीनने भूदासांना मालकांविरुद्ध तक्रार करायला बंदी घातली. शिक्षा होती चाबूक आणि सक्तमजुरी.

हे डोक्यात ठेवून चेखवची ‘झालोबनाया क्निगा’ वाचावी. १८८४ची, जेमतेम दोन पानांची कथा. रेल्वे स्टेशनवरच्या तक्रार वहीतल्या नोंदी, बस. वहीच्या मेजाची किल्ली पोलिसाकडे असते म्हणतात, पण मेज उघडंच असतं. कुणाची टोपी उडाली, कुणाचं प्रेम ऊतू गेलं, एका धर्मसेवकाला उपवासाचं खायला मिळालं नाही. त्याच्याखाली कुणीतरी त्याला झिडकारलंय. उत्तरं येतात ती बहुतेक बाजूच्याच प्रवाशांकडून. वरून येते ती स्टेशनमास्तरच्या वतीने एवढीच विनंती, की वहीत भलतंसलतं लिहू नका; तक्रारीला उत्तर नाही. इंग्रजीत ही कथा ‘द कम्प्लेंट्स बुक’ होते आणि नुसती गंमत उरते, कारण तिथे वही दुकानाच्या सेवेचा भाग असते. रशियनमध्ये वाचताना वरची रिकामी खुर्ची दिसते. मला ही कथा त्या खुर्चीमुळे आवडते, टोपीमुळे नाही.

मराठीत आपण सरळ ‘तक्रार वही’ म्हणू. ‘तक्रार’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती. तोही वाईट नाही. पण ‘झालोबा’चा खरा जोडीदार ‘गाऱ्हाणं’ आहे. कोकणात देवापुढे घालतात ते. त्यात कणव आहे, ‘कुणाकडे’ आहे, आणि समोरचा ऐकेलच अशी खात्री नाही.

सोव्हिएत दुकानांत ‘तक्रारी व सूचनांची वही’ असायची. १९६५मध्ये रियाझानोवने तिच्या नावावर ‘दाय्ते झालोबनुयू क्निगू’ हा विनोदी सिनेमाही काढला. आता रशियन दुकानांत बहुतेकदा ‘अभिप्राय व सूचनांची वही’ दिसते. अभिप्रायासाठीचा ‘ओत्झिव’ हा शब्द अ‍ॅपखालच्या ताऱ्यांनाही चालतो. त्याला कुणाकडे मांडायचं, हे सांगावं लागत नाही.