कॅमेऱ्याची साक्ष : वेर्नर हेर्झोग यांचे माहितीपट

माहितीपट म्हणजे साक्ष, अशी आपली साधी समजूत असते. पडद्यावर जे दिसते ते तसेच घडले, या विश्वासाने आपण त्यासमोर बसतो. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांनी या समजुतीला आयुष्यभर धक्के दिले. ते कोठे हितकर ठरले आणि कोठे नाहीत, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

हेर्झोग यांचा जन्म १९४२ साली म्यूनिक येथे झाला. बॉम्बवर्षावामुळे आईने मुलांसह बव्हेरियाच्या डोंगरातील साखरांग या खेड्याचा आसरा घेतला. घरात नळ नव्हता. चित्रपट म्हणजे काय, हे अकराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. नास्तिक घरातील या मुलाने चौदाव्या वर्षी कॅथलिक धर्म स्वीकारला; पुढे तो धर्माचरणापासून दुरावला. पोलाद कारखान्यात रात्रपाळीला वेल्डिंग करून त्याने पहिल्या चित्रपटांसाठी पैसा उभा केला. त्यानंतर सहारा, ग्वादलूप, कुवेत, सायबेरिया, अलास्का, अंटार्क्टिका असा प्रवास करीत हा जर्मन माणूस अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे स्थिरावला.

१९९१ च्या युद्धानंतर जळणाऱ्या कुवेतच्या तेलविहिरींवर त्यांनी 'लेसन्स ऑफ डार्कनेस' (१९९२) हा माहितीपट केला. आरंभी तारामंडळाच्या विनाशाविषयी एक वचन येते आणि त्याखाली पास्कालचे नाव झळकते. सेमिनरीत पास्काल वाचलेल्या आमच्यासारख्यांनी ते वचन कितीही शोधले तरी सापडणार नाही. ते हेर्झोग यांनीच रचले, अशी कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. कुवेतचे नावही चित्रपटात नाही; जणू ही भूमी एखाद्या परग्रहावरची आहे. दृश्ये भव्य आहेत. मात्र १९९० साली तेथून नेसत्या वस्त्रांनिशी परतलेल्या भारतीय कुटुंबांना तो परग्रह वाटणार नाही. मुलांचा छळ डोळ्यांदेखत पाहून वाचा गेलेली एक माता पडद्यावर येते, तेव्हाच ती भूमी पुन्हा माणसांची होते.

रशियातील श्रद्धेवरील 'बेल्स फ्रॉम द डीप' (१९९३) मध्ये गोठलेल्या सरोवरावर भाविक पालथे पडून बुडालेल्या नगरीचा शोध घेताना दिसतात. ते भाविक नव्हते. शेजारच्या गावातून पैसे देऊन आणलेले मद्यपी होते. हेही हेर्झोग यांनी लपविले नाही. १९९९ च्या मिनिआपोलिस येथील जाहीरनाम्यात त्यांनी नुसत्या वस्तुस्थितीला हिशेबनिसाचे सत्य ठरविले. कल्पनेने व रचनेने हाती येणारे भावसमाधीचे सत्य त्याहून खोल असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

येथे कोणी म्हणेल, प्रभूचे दाखलेही रचलेलेच होते. ते खरे आहे. परंतु उधळ्या पुत्राच्या बापाचे गाव कोणते, असे कोणी श्रोता विचारीत नाही. दाखला आपण दाखला आहोत हे सांगूनच येतो. माहितीपट मात्र प्रेक्षकाचा विश्वास उसना घेतो. तो विश्वास भाड्याच्या भाविकांवर खर्च झाला, की त्याच चित्रपटातील खऱ्या भाविकाच्या प्रार्थनेकडेही आपण संशयाने पाहू लागतो. ही हानी आम्हांस लहान वाटत नाही.

तरीही हेर्झोग यांना येथेच निरोप देणे अन्यायाचे ठरेल. 'ग्रिझली मॅन' (२००५) मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात मरणाऱ्या माणसाच्या अखेरच्या क्षणांची ध्वनिफीत ते कानांना यंत्र लावून ऐकतात. आपल्याला एक शब्दही ऐकू येऊ देत नाहीत. ती फीत कधीही ऐकू नका, असे ते तिच्या मालकिणीला सांगतात. सत्य हाती असूनही ते झाकून ठेवणे हीदेखील मृताविषयीची निष्ठा असू शकते.

'इन्टू द अ‍ॅबिस' (२०११) मध्ये टेक्सासमधील मृत्युदंडाचा विषय आहे. तुरुंगाच्या दफनभूमीत उभा असलेला धर्मोपदेशक ईश्वराच्या दयेविषयी ठरावीक वाक्ये बोलत असतो. बोलता बोलता तो गोल्फच्या मैदानावरील प्राण्यांचा उल्लेख करतो. हेर्झोग त्याला एका खारीबद्दल विचारतात. आपली गाडी थांबवल्यामुळे वाचलेल्या खारी त्या माणसाला आठवतात. पण मृत्युदंड थांबविणे आपल्या हाती नाही, हे सांगताना त्याला रडू कोसळते. मृत्युशय्येपाशी पाठ झालेली वाक्ये आम्हां धर्मगुरूंच्याही तोंडी असतात. त्यामुळे हे दृश्य पाहताना आम्ही केवळ प्रेक्षक राहिलो नाही.

येथे हेर्झोग यांनी काहीही रचले नाही. त्यांनी फक्त नेमका प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत ते थांबले. ज्या खोल सत्यासाठी त्यांनी भाडोत्री भाविक आणले, ते येथे केवळ ऐकण्याने हाती आले. त्यांचा एकच चित्रपट पाहावयाचा असेल, तर वाचकांनी हा पाहावा, अशी आमची शिफारस आहे.